जावं, व्हावं, असावं : इंग्रजीतला सबजंक्टिव्ह इंदूरच्या मराठी माणसानं कसा शिकावा

आमच्या शेजारच्या मुलानं ऑफिसला रजेचा मेल लिहिला होता. आईला सोमवारी दवाखान्यात भरती करायचं होतं आणि डॉक्टर हट्टाला पेटले होते, आता आणखी पुढे ढकलू नका म्हणून. त्यानं लिहिलं, ‘द डॉक्टर हॅज इन्सिस्टेड दॅट माय मदर वॉज ॲडमिटेड.’ उत्तर आलं, भरतीचे कागद जोडा. तो दिवस शुक्रवार. भरतीच झाली नव्हती, तर कागद कुठून आणणार? तो फोन घेऊन माझ्याकडे आला. ‘काकू, यात चुकलं काय?’

चुकला होता एकच शब्द. ‘वॉज’च्या जागी ‘बी’ हवं होतं. ‘इन्सिस्टेड दॅट माय मदर वॉज ॲडमिटेड’ याचा सरळ अर्थ होतो, आई भरती झाली होती असं डॉक्टर ठासून सांगतात. ‘इन्सिस्टेड दॅट माय मदर बी ॲडमिटेड’ म्हणजे आईला भरती करावं असा डॉक्टरांचा आग्रह आहे. पहिली बातमी झाली, दुसरी इच्छा. इच्छा किंवा नुसती कल्पना सांगणारं क्रियापदाचं असं वेगळं रूप म्हणजे सबजंक्टिव्ह. कागद मागणाऱ्यानं वाक्य बरोबरच वाचलं होतं.

इंदूरच्या राजेंद्रनगरात घरीच मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नोकरीत बढती हवी असलेले, आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणारे, मुलांच्या शाळेत शिक्षकांशी बोलताना अडखळणारे आईवडील, असे सगळे येतात. सबजंक्टिव्ह हे नाव ऐकलं की त्यांचे चेहरे पडतात. म्हणून सुरुवातीलाच सांगते, ही गोष्ट तुम्हाला येते. मराठीत तुम्ही ती रोज वापरता. इंदूरला वाढला असाल तर हिंदीतही वापरता. इंग्रजीत तिला ओळखायचं कसं, एवढंच शिकायचं आहे.

इथं सगळी इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं म्हणा. हा विषय डोळ्यांपेक्षा कानानं लवकर बसतो.

पहिली पायरी : बातमी की इच्छा?

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ पाठ केले होते ते आठवा. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘तो जातो’ हा स्वार्थ. तो खरंच जातो, ही माहिती आहे. ‘त्यानं जावं’ हा विध्यर्थ. तो जातो की नाही ते यात नाहीच. त्यानं जाणं कुणालातरी हवंय, योग्य वाटतंय, एवढंच आहे. ‘तो गेला असता तर’ हा संकेतार्थ. तो गेलेला नाही, आपण फक्त कल्पना करतोय.

इंग्रजी सबजंक्टिव्हचा एक मोठा भाग आपल्या विध्यर्थाच्या घरचा आहे आणि दुसरा संकेतार्थाच्या. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातलं मराठी वाक्य पकडा आणि त्याच्या शेवटच्या क्रियापदाकडे बघा. ‘जातो, गेला, जाईल’ असं काही असेल तर इंग्रजीत साधंच रूप. ‘जावं, करावं, असावं, व्हावं’ आलं की थांबा, कारण सबजंक्टिव्ह लागण्याची शक्यता आहे.

घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना तर दुहेरी फायदा. हिंदीत आपण ‘डॉक्टर का कहना है कि वह रोज़ टहले’ असं म्हणतो. ‘टहलता है’ म्हणत नाही. जीभ आपोआप ‘टहले’वर जाते. ते ‘टहले’ म्हणजेच इंग्रजीतलं ‘दॅट ही वॉक एव्हरी डे’. ‘वॉक्स’ नाही, ‘वॉक’.

दुसरी पायरी : मूळ रूप ठेवा, त्याला काही चिकटवू नका

‘तिनं डॉक्टरांना भेटावं असं मी सुचवतो.’ इंग्रजीत : ‘आय सजेस्ट दॅट शी सी अ डॉक्टर.’ ‘सीज’ नाही. क्रियापद शब्दकोशात जसं सापडतं तसंच ठेवायचं. ‘ही, शी, इट’ आले की शेवटी एस लावायचा, हे आपल्याला इतकं घोटवलेलं असतं की एस न लावताना हात थरथरतो. इथं तो लावायचा नाही.

आता सुचवण्याचा काळ बदलू. ‘आय सजेस्टेड दॅट शी सी अ डॉक्टर.’ सुचवून झालं, तरी ‘सी’ तसंच राहिलं. ‘सॉ’ झालं नाही. हे विचित्र वाटत असेल तर मराठीकडे वळा : मी सुचवतो की तिनं भेटावं, मी सुचवलं की तिनं भेटावं, मी सुचवेन की तिनं भेटावं. मराठीतलं ‘भेटावं’ तिन्ही ठिकाणी एकच आहे. इंग्रजीचंही तसंच.

‘असणं’ या क्रियापदाचं मूळ रूप ‘बी’. म्हणून ‘त्यानं वेळेवर हजर असावं’ हे ‘दॅट ही बी प्रेझेंट ऑन टाइम’ होतं. ‘इज’ही नाही आणि ‘वॉज’ही नाही. कर्मणी वाक्यातही हेच ‘बी’ येतं. ऑफिसात, सोसायटीच्या नोटिशीत, सभेच्या इतिवृत्तात सगळ्यात जास्त लागतं ते हे रूप. आमच्या गणेश मंडळाच्या सभेचं इतिवृत्त एका वर्षी इंग्रजीत हवं होतं, कारण काही सभासदांची मुलं बाहेरगावी वाढलेली आणि देवनागरी सावकाश वाचणारी. त्यात वाक्य होतं, आरती साडेसातला व्हावी असा ठराव मांडला. इंग्रजीत : ‘द कमिटी प्रपोज्ड दॅट द आरती बी हेल्ड ॲट सेव्हन थर्टी.’ इंदूरला ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायची सवय आता सगळ्यांना आहे, त्यामुळे दुसरं वाक्य कुणालाही जमेल : ओला कचरा वेगळा ठेवावा असा नियम आहे. ‘द रूल रिक्वायर्स दॅट वेट वेस्ट बी केप्ट सेपरेट.’

नकार हवा असेल तर मूळ रूपाच्या आधी नुसतं ‘नॉट’ ठेवा. ‘आय रिक्वेस्ट दॅट ही नॉट बी डिस्टर्ब्ड.’ ‘डज’ नको, ‘डोन्ट’ नको, ‘डिड’ नको. पहिल्यांदा म्हणताना वाक्य लंगडं वाटतं. पाच-सहा वेळा म्हटलं की कान सरावतो.

इथं एक दिलासा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या अर्थासाठी क्रियापदांना वेगळे प्रत्यय होते. पुढे ते झिजत गेले आणि आज साध्या वर्तमानकाळाच्या रूपाशी फरक फक्त तीन ठिकाणी दिसतो : ‘ही, शी, इट’ यांच्यापुढे एस गायब होतो, ‘ॲम, इज, आर’च्या जागी ‘बी’ येतं, आणि नकारात ‘डू’ येत नाही. ‘आय सजेस्ट दॅट दे गो’ यात ‘गो’ साधं आहे की सबजंक्टिव्ह, ते ओळखूच येत नाही आणि ओळखायची गरजही नाही. या तीन जागा सांभाळल्या आणि ‘सजेस्टेड’नंतरही ‘सी’चं ‘सॉ’ करायचं नाही हे लक्षात ठेवलं, की चुकायला फारसा वाव नाही.

तिसरी पायरी : कोणते शब्द हे रूप मागतात

यादी लांब नाही. सजेस्ट, रेकमेंड, प्रपोझ, रिक्वेस्ट, आस्क, डिमांड, इन्सिस्ट, रिक्वायर, ऑर्डर, अर्ज (म्हणजे आग्रहानं सांगणं, आपला कागदी अर्ज नव्हे). या सगळ्यांत कुणीतरी कुणाकडून काहीतरी करून घेऊ पाहतोय. त्यांच्याच जोडीला काही विशेषणं : इम्पॉर्टंट, नेसेसरी, इसेन्शियल, व्हायटल. ‘इट इज इसेन्शियल दॅट एव्हरी फॉर्म बी साइन्ड.’ प्रत्येक फॉर्मवर सही असणं आवश्यक आहे, सही असावीच.

यातले दोन शब्द दुतोंडी आहेत आणि त्यांच्यावर जास्त वेळ द्या. ‘इन्सिस्ट’चं उदाहरण वर आलंच. दुसरा ‘सजेस्ट’. त्याचा एक अर्थ सुचवणं, दुसरा सूचित होणं, म्हणजे एखाद्या गोष्टीवरून अंदाज येणं. ‘हिज फेस सजेस्ट्स दॅट ही इज टायर्ड.’ चेहऱ्यावरून तो दमलेला दिसतो. ही माहिती आहे, म्हणून ‘इज’. चेहरा काही त्याला दमायला सांगत नाहीये. इथं ‘बी’ घातलंत तर वाक्य मोडेल. शब्द पाठ करून भागत नाही. बातमी की इच्छा, हे प्रत्येक वेळी विचारावंच लागतं.

चौथी पायरी : जिथं आपली मराठी-हिंदी आपल्याला फसवते

हा भाग मी वर्गात सगळ्यात सावकाश घेते, कारण इथल्या चुका शिकलेल्या माणसांच्याही होतात.

‘मला वाटतं त्यानं यावं’ किंवा ‘मैं चाहता हूँ कि वह आए’ हे मनात असतं आणि हातून ‘आय वॉन्ट दॅट ही कम्स’ लिहिलं जातं. एस काढून ‘आय वॉन्ट दॅट ही कम’ केलं तरी चूक ती चूकच. ‘वॉन्ट’ला ‘दॅट’ चालतच नाही. ‘आय वॉन्ट हिम टू कम’ हीच त्याची वाट. ‘टेल’चंही असंच. ‘मी त्याला सांगितलं की जावं’ याला ‘आय टोल्ड हिम टू गो’.

‘सजेस्ट’ मात्र याच्या बरोबर उलट वागतं. ‘आय सजेस्टेड हिम टू गो’ हे आपल्याकडे इतकं ऐकू येतं की बरोबरच वाटायला लागतं. ते बरोबर नाही. ‘आय सजेस्टेड दॅट ही गो’ म्हणा. ‘रेकमेंड’लाही हाच सल्ला. तर ‘वॉन्ट’ला ‘टू’, ‘सजेस्ट’ला ‘दॅट’. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

‘होप’ही असंच फसवतं. आशेत इच्छा असतेच, म्हणून विद्यार्थी ‘आय होप दॅट ही कम’ असं लिहून मोकळे होतात. इंग्रजी मात्र आशेला बातमीच्या रूपात ठेवते : ‘आय होप ही कम्स.’ आणि हिंदीतलं ‘अगर वह आए तो’ डोक्यात ठेवून ‘इफ ही कम’ लिहू नका. जे घडू शकतं त्यासाठी ‘इफ ही कम्स’ हेच.

‘शुड’चा आधार

‘दॅट शी सी’ म्हणायला जीभ अजिबात वळत नसेल तर मध्ये ‘शुड’ घाला. ‘आय सजेस्ट दॅट शी शुड सी अ डॉक्टर.’ ब्रिटिश इंग्रजीत हे सर्रास चालतं. अमेरिकन लोक नुसतं मूळ रूप जास्त वापरतात. आपल्या शाळांतलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं असल्यामुळे ‘शुड’ आपल्या कानाला ओळखीचंही वाटतं. मी नव्या माणसांना सुरुवातीला हेच सांगते, कारण ‘शुड’नंतर मूळ रूपच येतं. महिनाभर ‘शुड’ लावून लिहा, मग एके दिवशी तो काढून टाका. राहील ते अचूक सबजंक्टिव्ह. ‘दॅट द फॉर्म शुड बी साइन्ड’मधून ‘शुड’ काढा, ‘दॅट द फॉर्म बी साइन्ड’ उरतं.

पाचवी पायरी : ‘इफ आय वेअर यू’

आता संकेतार्थाकडे. ‘मी तुझ्या जागी असतो, तर ही नोकरी सोडली नसती.’ मी तुझ्या जागी नाही आणि होणारही नाही. इंग्रजीत : ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट लीव्ह धिस जॉब.’ ‘आय’बरोबर ‘वेअर’ कसं, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. उत्तर असं की हा तो भूतकाळातला ‘वेअर’ नव्हे. जे खरं नाही त्याचं हे रूप, आणि ते सगळ्या पुरुषांना एकच : ‘इफ आय वेअर, इफ ही वेअर, इफ इट वेअर.’

बोलताना भूतकाळाचं रूप भूतकाळासाठीच येतं असं मराठीतही नाही. आईनं जेवायला हाक मारली की आपण आतल्या खोलीतून ‘आलोच’ म्हणतो, तेव्हा आपण आलेलो नसतो. ‘उद्या पाऊस आला तर’ असं म्हणतो, तेव्हा उद्या अजून उजाडायचाय आणि तरी ‘आला’. क्रियापदाचं रूप आणि घड्याळ यांचा संबंध आपल्याही भाषेत सैल आहे. इंग्रजीत ‘इफ आय हॅड मनी’ ऐकलं की त्यात काल शोधू नका. आत्ता पैसे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

बोलण्यात लोक ‘इफ आय वॉज यू’ म्हणतात आणि कुणी त्यांना अडवत नाही. अर्जात, परीक्षेत, मुलाखतीत ‘वेअर’ ठेवा. पण सगळीकडे ‘वेअर’ही नको. ‘काल मी उद्धटपणे बोललो असेन, तर माफ करा’ यात काल ते खरंच घडलेलं असू शकतं. ती कल्पना नाही. म्हणून ‘इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय ॲम सॉरी.’ इथं ‘वेअर’ घातलं तर माफी मागताना आपण जणू म्हणतो की मी उद्धट नव्हतोच.

आणि आता ती चूक, जी मला मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त दिसते. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो.’ बघा, मराठीत दोन्ही बाजूंना तेच रूप आलं : असतं, असतो. हिंदीतही दोन्हीकडे तसंच, ‘पता होता तो आता’. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत दोन्हीकडे ‘वुड’ घालतो : ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ इंग्रजीत दोन्ही बाजू वेगळ्या असतात. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’, निकालाच्या बाजूला ‘वुड’ : ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, ‘इफ’च्या घरात ‘वुड’ला आणू नका. निदान शिकायच्या काळात तरी हा नियम कडकपणे पाळा.

‘विश’ याच घरातलं. ‘मी आत्ता पुण्यात असतो तर किती बरं झालं असतं’ याला ‘आय विश आय वेअर इन पुणे.’ जे घडून गेलं त्याची हळहळ असेल तर ‘हॅड’ : ‘आय विश आय हॅड लिसन्ड टू माय आजी.’ दिवाळीच्या शुभेच्छा देताना येणारं ‘विश’ वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘ॲज इफ’नंतरही असंच : ‘ही टॉक्स ॲज इफ ही वेअर द ओनर.’ तो मालक असल्यासारखा बोलतो, आणि तो मालक नाही. ‘इट्स टाइम वुई लेफ्ट’, ‘आय वुड रादर यू केम टुमारो’ हेही याच वळणाचे. यांना सबजंक्टिव्ह म्हणावं की नाही यावर व्याकरणकारांत मतभेद आहेत. वापरणाऱ्यानं त्यात अडकू नये.

ठरलेले वाक्प्रयोग

मराठीत ‘देव तुझं भलं करो’, ‘यश मिळो’ यातलं ओकारान्त रूप आता आशीर्वादात आणि प्रार्थनेतच उरलंय. इंग्रजीतही तसे काही जुने तुकडे शिल्लक आहेत. ‘गॉड ब्लेस यू’ सगळेच म्हणतात, ‘ब्लेसेस’ कुणी म्हणत नाही. ‘हेवन फरबिड’ म्हणजे देव न करो. ‘कम व्हॉट मे’ म्हणजे काहीही होवो. ‘सो बी इट’ म्हणजे तसंच होऊ दे. ते जसेच्या तसे पाठ करा, मोडतोड करू नका.

सराव कसा करावा

व्याकरणाची पुस्तकं पालथी घालायची गरज नाही. आठ-दहा दिवस रोज पाच मराठी वाक्यं लिहा, प्रत्येकात ‘-वं, -वा, -वी’ किंवा ‘असता-असती’ हवंच. वाक्यं तुमच्या आयुष्यातली असू द्या. घरमालकानं नळ दुरुस्त करावा, मुलानं मोबाइल बाजूला ठेवावा, वहिनींनी पोह्यात जीरावन, म्हणजे तो इंदुरी मसाला, कमी घालावं. मग ती इंग्रजीत लिहा आणि मोठ्यानं वाचा. शक्य असेल तर नवराबायकोनं किंवा बहीणभावांनी मिळून करा. एकानं मराठी म्हणायचं, दुसऱ्यानं इंग्रजी. माझ्याकडे एक सासूसून असा सराव करत असत. सासूबाईंचं इंग्रजी मॅट्रिकनंतर सुटलेलं, पण मराठी व्याकरण इतकं पक्कं की ‘हे विध्यर्थ आहे गं’ असं त्या आधी ओळखायच्या आणि सून मग इंग्रजी रूप लावायची.

ऑफिसात ज्यांचा मेलचा व्यवहार आहे त्यांनी आपलेच जुने मेल उघडून ‘सजेस्ट’, ‘रिक्वेस्ट’, ‘इन्सिस्ट’ हे तीन शब्द शोधावेत. पुढचं क्रियापद तपासावं. हाताशी आलेल्या चुका जितक्या पटकन सुधारतात तितक्या पुस्तकातल्या नाही.

आता चार वाक्यं तुम्ही करून बघा. बँकेनं खातं बंद करू नये अशी आमची विनंती आहे. तिनं रोज औषध घेणं महत्त्वाचं आहे. बाबा इथे असते तर त्यांना आनंद झाला असता. साहेब ठासून सांगतात की ते त्या दिवशी इंदूरला होते. लिहून झाल्याशिवाय पुढे वाचू नका.

पहिलं : ‘वुई रिक्वेस्ट दॅट द बँक नॉट क्लोज द अकाउंट.’ दुसरं : ‘इट इज इम्पॉर्टंट दॅट शी टेक द मेडिसिन एव्हरी डे.’ तिसऱ्यात बाबा आज इथे नाहीत या अर्थानं ‘इफ बाबा वेअर हिअर, ही वुड बी हॅपी’. बाबा त्या प्रसंगाला नव्हते असं म्हणायचं असेल तर ‘इफ बाबा हॅड बीन हिअर, ही वुड हॅव बीन हॅपी.’ मराठी वाक्य दोन्हीकडे तेच राहतं, इंग्रजीत मात्र निवड करावी लागते. आणि चौथ्यात ‘इन्सिस्ट’ असूनही सबजंक्टिव्ह नाही, कारण साहेब माहिती देतायत, काही करायला सांगत नाहीत : ‘द बॉस इन्सिस्ट्स दॅट ही वॉज इन इंदूर ऑन दॅट डे.’